फ्लिप-अप हेल्मेट घेऊ का? स्वस्तातल्या उघडझाप हेल्मेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे हेल्मेट डोक्यावर दिसलं की पेट्रोल पंपावर, पानटपरीवर, पार लग्नाच्या मांडवात सुद्धा कोणीतरी विचारतंच, "कितलामा लिधं भो?" आणि मग किमतीवरून गाडी बाकीच्या प्रश्नांवर येते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी दुकानदार नाही, कुठल्या कंपनीचा माणूस पण नाही. जळगावकडचा आहे, चष्मा लावतो, स्कूटर आणि बाईक दोन्ही चालवतो आणि रोज घालतो ते स्वस्तातलं फ्लिप-अपच आहे, तर त्या हिशोबानं वाचा.

फ्लिप-अप म्हणजे नेमकं कोणतं?

दिसायला फुल फेसच, म्हणजे हनुवटीसकट अख्खं तोंड झाकणारं, पण हनुवटीसमोर एक बटण असतं, बहुतेकांत लाल, ते दाबलं की हनुवटीचा अख्खा भाग काचेसकट वर कपाळावर जातो आणि तोंड मोकळं होतं. काही जण मॉड्युलर पण म्हणतात. कल्पना नवीन नाही, बीएमडब्ल्यूनं १९८१ मध्ये असलं हेल्मेट काढलं होतं, पण आपल्या खिशाला परवडेल अशा किमतीत ते आपल्याकडे यायला बराच काळ गेला. आता दीड ते अडीच हजारात आयएसआयवालं बऱ्यापैकी मिळून जातं.

उघडतं म्हणजे कमजोर असणार ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि प्रश्न बरोबर पण आहे. फुल फेसचं कवच एकसंध असतं. फ्लिप-अपमध्ये दोन्ही कानांपाशी बिजागरी आणि खाली दोन्ही बाजूंना लॉक, म्हणजे चार जागा वाढल्या जिथे काही बिघडू शकतं. त्यामुळे त्याच किमतीत, त्याच कंपनीचं फुल फेस आणि फ्लिप-अप शेजारी ठेवलं तर फुल फेस जास्त भरवशाचं, यात वाद नाही, आणि तुम्ही मुकाट फुल फेस घालणारे असाल तर हे पान इथेच बंद करा आणि फुल फेस घ्या.

पण आपल्याकडे लोक घालतात काय ते बघा ना. अर्धी टोपी, ती पण पट्टा न लावता, नाहीतर हँडलला लटकवलेली आणि पुढे पोलीस दिसला की डोक्यावर. जर्मनीत हॅनोव्हरला डिटमार ओटे नावाच्या संशोधकानं अपघातातल्या हेल्मेटवर धक्का नेमका कुठे बसला याचा अभ्यास केला होता, त्यात साधारण एक तृतीयांश धक्के हनुवटीच्या भागात निघाले. अर्ध्या टोपीत तिथे काहीच नसतं भाऊ, सरळ जबडा आणि रोड. म्हणून माझं मत असं की फ्लिप-अपची तुलना भारी फुल फेसशी करत बसू नका, तुम्ही आज जे घालताय किंवा घालत नाहीये त्याच्याशी करा. गुदमरतं, चष्मा अडकतो, बोलता येत नाही, या तीन कारणांनी जो माणूस फुल फेस घरी ठेवून येतो त्याच्यासाठी हे हेल्मेट आहे.

दुकानात ट्राय करताना काय बघू?

लॉक. रंग, ग्राफिक्स, काच काळी का पांढरी, ते सगळं नंतर.

हेल्मेट हातात घ्या, हनुवटीचा भाग वर करा आणि हळू खाली आणून बंद करा. खटका दोन्ही बाजूंनी एकदम बसला पाहिजे. स्वस्त मालात बऱ्याचदा एक बाजू आधी बसते आणि दुसरी वरच राहते, बघायला बंद दिसतं पण डावीकडे केसाएवढी फट असते, त्या फटीत नखाचं टोक जातं का बघा. मग बटण न दाबता हनुवटी वर ओढून बघा, जरा जोर लावून, दुकानदार तोंड वाकडं करेल तर करू द्या. हलली तर ते हेल्मेट परत ठेवा, त्याच मॉडेलचं दुसरं मागा, कारण एकाच खोक्यातल्या दोन नगांत सुद्धा फरक असतो. आत वाकून बघितलं तर लॉकची खिट्टी ज्याच्यावर अडकते तो खुंटा दिसतो, तो धातूचा असला तर बरं, प्लॅस्टिकचा असला तर झिजणार हे धरून चाला.

दुसरं म्हणजे एका हातानं उघडून बघा, तेही डाव्या, कारण उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर असतो आणि सिग्नलला तुम्ही डाव्याच हातानं उघडणार. हिवाळ्यात हातमोजे घालत असाल तर ते घालून. बटण इतकं बारीक असतं काही मॉडेलमध्ये की मोज्यातून सापडतच नाही.

तिसरं, वर केलेली हनुवटी वरच थांबते का. मान खाली घातल्यावर धाडकन तोंडावर येत असेल तर दोन दिवसांत वैताग येईल.

आणि पट्टा लावून बघा. दात असलेल्या पट्टीचं बक्कल आता बऱ्याच हेल्मेटला येतं, ते पटकन लागतं आणि थोडं घट्ट-सैल पण करता येतं. पट्टा हनुवटीखाली लावल्यावर आत दोन बोटं जेमतेम जावीत, त्यापेक्षा सैल असेल तर पडल्यावर हेल्मेट एकीकडे आणि माणूस एकीकडे.

माझी साईज कशी काढू?

शिवणकामाचा टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून कानांच्या वरून मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून गोल फिरवा. जो आकडा येईल तो सेंटीमीटरमध्ये लिहून घ्या आणि हेल्मेटच्या स्टिकरवरचा आकडा बघा, मिलिमीटरमध्ये असतो, ५८०, ६०० असा. मिडीयम-लार्ज या अक्षरांवर जाऊ नका, एका कंपनीचं लार्ज ५८० असतं आणि दुसरीचं ६००.

पण टेप फक्त सुरुवात आहे. डोकं कोणाचं गोल, कोणाचं लांबट. हेल्मेट घालून हनुवटी बंद करा आणि हेल्मेट हातानं डावीकडे-उजवीकडे फिरवा, गालाची आणि कपाळाची कातडी सोबत फिरली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि तोंड जागेवर राहिलं तर मोठं आहे. गाल दाबले जाऊन तोंड जरा फुगल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, नवीन फोम दबतो, तेच पाहिजे. कपाळावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर मात्र नको, ते पुढे ठणकतं. मग पट्टा लावून मागून कडेला धरून हेल्मेट पुढे ओढा, पुढून निघून येत असेल तर ते तुमच्यासाठी नाही. आणि पंधरा-वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. दुकानात चहा येतोच, हनुवटी वर करून पिऊन घ्या, ट्रायल पण झाली.

आपल्याकडे एक सवय आहे, "जरा ढिलंच द्या, घरात सगळ्यांना होईल." हेल्मेट घरात सगळ्यांना होत नसतं. ते एका डोक्याचं असतं.

चष्मा आहे, चालेल का?

चष्मेवाल्यांसाठी तर हेच. फुल फेसमध्ये आधी चष्मा काढा, हेल्मेट घाला, मग काड्या आत घुसवा, पेट्रोल पंपावर परत तेच. यात हनुवटी वर करून चष्म्यासकट डोकं आत जातं. फक्त चष्म्याच्या काड्या सरळ असाव्यात, कानामागे खूप वळलेल्या असल्या तर गालाचं पॅड त्यांना दाबतं आणि कानाच्या वर दुखायला लागतं. ट्रायला जाताना रोजचाच चष्मा लावून जा.

पावसाळ्यात चष्मा आणि काच दोन्हीवर वाफ धरते, त्यावर स्वस्तात पक्का इलाज नाही, काच एक खटका उघडी ठेवायची.

आपल्या उन्हात डोकं शिजणार नाही का?

शिजतं थोडं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कुठलंच हेल्मेट गार वाटत नाही, चार हजाराचं पण नाही. पण एवढ्या उन्हात उघड्या तोंडावर जी झळ येते ती हेल्मेटच्या आतल्या उकाड्यापेक्षा वाईट, दुपारी पारोळ्याहून धुळ्याकडे निघालात तर पाच मिनिटांत कळतं, काच खाली केली की निदान डोळे आणि ओठ वाचतात. वर डोक्यावर हवा जायची भोकं असतात ती खरी आहेत का नुसती डिझाईन ते बघा, आत बोट घालून थर्माकोलला पण भोक आहे का ते चाचपा. बऱ्याच स्वस्त हेल्मेटात बाहेर जाळी आणि आत भिंत.

फ्लिप-अपचा खरा फायदा थांबल्यावर आहे. रेल्वे गेट बंद, केळीच्या ट्रकांची रांग, अशा ठिकाणी हनुवटी वर केली की जीवात जीव येतो, हेल्मेट काढायची गरज नाही आणि काढलं नाही म्हणजे परत घालायचा कंटाळा पण नाही.

आता रुमाल. डोक्याला ओला रुमाल बांधून वरून हेल्मेट घालायची आपली पद्धत आहे. पातळ सुती रुमाल एकेरी असेल तर ठीक, पण उपरण्याचे चार वेढे आणि मागे गाठ मारली तर हेल्मेट डोक्यावर बसत नाही, गाठीवर बसतं. एवढं बांधायचंच असेल तर ट्राय करताना तेच बांधून जा. त्यापेक्षा हेल्मेटखाली घालायच्या पातळ टोप्या मिळतात, स्वस्त असतात आणि घाम पण शोषतात.

हनुवटी वर ठेवून गाडी चालवली तर?

नाही. अर्धं शहर तसंच चालवतं, मला माहितीये. पण वर उचललेली हनुवटी म्हणजे कपाळावर एक मोठा पंखा, वारा त्यात भरतो आणि मान मागे ओढली जाते. पडलात तर तोच भाग रस्त्यात अडकून डोकं पिरगळू शकतो, आणि तोंड तर उघडंच. युरोपातल्या ईसीई नियमांत यासाठी वेगळी खूण आहे, लेबलवर "पी" असेल तर बंद हनुवटीनं पास, "जे" असेल तर उघड्या तोंडाचं म्हणून पास आणि "पी/जे" असेल तर दोन्ही प्रकारे पास. दोन हजाराच्या हेल्मेटावर ही खूण सापडायची आशा ठेवू नका. पार्किंगमधून गेटपर्यंत जाताना वर असेल तर समजू शकतो, विदगावच्या तापीच्या पुलावर आडव्या वाऱ्यात वर असेल तर ते तुमचं तुम्ही बघा.

आयएसआय खरा आहे का खोटा, कसं कळणार?

१ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं दोन्ही बेकायदा आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेला माल चालूच आहे. मागे स्टिकर बघा, आयएसआयच्या चिन्हाच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर असला पाहिजे. तो नंबर बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये टाका, कंपनीचं नाव येतं. नाव दुसरंच आलं किंवा काहीच आलं नाही तर राम राम करून निघा. दुकानातच टाका, घरी येऊन नाही.

अजून एक, आत थर्माकोलचा थर आहे का ते अस्तर बाजूला करून बघा. टीव्हीच्या खोक्यात येतो तसाच, पण जास्त दाबलेला आणि कडक. धक्का तोच खातो. नुसतं प्लॅस्टिक आणि स्पंज असेल तर ते हेल्मेट नाही.

वजन जास्त असतं ना? मान दुखते म्हणे.

असतं. बिजागरी, लॉक, वर आतली काळी काच, सगळं धरून दीड किलोच्या आसपास जातं. पहिला आठवडा मानेला जाणवतं, मग सवय होते. गावातल्या गावात आणि तालुक्याला जाण्या-येण्याला काही त्रास नाही, पण रोज जळगाव-धुळे अप-डाऊन करणाऱ्यानं हलकं फुल फेस बघावं असं मी स्पष्ट सांगतो. मानेचा पट्टा आधीच लागलेला असेल तर डॉक्टरला विचारून घ्या.

आवाज पण जास्त येतो. साठच्या पुढे फटींमधून शिट्टी सुरू होते. ज्यांना शांतता पाहिजे त्यांनी साठच्या आत चालवा, दोन कामं होतील.

आतली काळी काच असलेलं घेऊ का?

बाहेर पांढरी काच आणि आत बारीक काळी काच, बाजूची खिट्टी सरकवली की खाली येते. उपयोगाची आहे, संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून चालवताना तर फारच. फक्त धूळ बसली की खिट्टी करकर करते. ती नसलेलं घेतलं तरी चालेल, पण बाहेरची काच मात्र पांढरीच घ्या. काळ्या किंवा इंद्रधनुषी काचेचं हेल्मेट शोरूमच्या दिव्यात झकास दिसतं आणि रात्री चोपड्याच्या रस्त्यावर समोरचा बिनलाईटचा ट्रॅक्टर दिसत नाही.

काचेवर चरे पडले की रात्री समोरच्या लाईटचे फटाके दिसतात, तेव्हा काच बदला, काही शेकड्यात येते. म्हणूनच घेताना विचारा की या मॉडेलची काच सुटी मिळते का, आणि गावात मिळते का. पावसाळ्यात संध्याकाळी शेतांच्या बाजूनं आलं की काचेवर किडे चिकटून वाळतात, ते नखानं खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं टाकून ठेवा, आपोआप सुटतात.

स्कूटरच्या डिकीत मावेल का?

बहुतेक नाही. साध्या स्कूटरच्या डिकीत फ्लिप-अप आडवंतिडवं करून सुद्धा सीट लागत नाही. मोठ्या डिकीच्या नव्या गाड्यांत, ज्युपिटर १२५ सारख्या, बसतं. घ्यायच्या आधी गाडी दुकानासमोर लावा आणि टाकून बघा. नाहीतर सीटखालच्या हुकला पट्ट्यानं अडकवा. आरशाला टांगू नका, आरशाचा दांडा आतल्या थर्माकोलला खड्डा पाडतो आणि तो खड्डा परत भरत नाही.

कुठल्या कंपनीचं घेऊ?

स्टड्सचं निन्जा एलिट आणि वेगाचं क्रक्स ही दोन नावं या बजेटमध्ये दुकानदार आधी काढतात, स्टीलबर्डची पण आहेत. वेगा आपल्या बेळगावची. बजेट वाढवायची तयारी असेल तर एसएमकेचं गलविंग, एलएस२ चं स्ट्रोब बघा, तिथे लॉक आणि आतला कपडा दोन्हीत फरक हाताला कळतो. पण तुमच्या डोक्याला जे नीट बसलं ते घ्या, नावावर पाचशे रुपये जास्त देऊन टोचणारं हेल्मेट घेण्यात काही अर्थ नाही.

ऑनलाईन स्वस्त मिळतं, मागवू?

आधी दुकानात जाऊन तेच मॉडेल, तीच साईज घालून बघितली असेल तर मागवा. नाहीतर खोकं परत पाठवण्यात आठवडा जातो आणि तेवढे दिवस बिनहेल्मेटचे. दुकानात घेतलं तर लॉक तपासून नग बदलून घेता येतो, हे दोनशे रुपयांपेक्षा मोठं आहे. बिल घ्याच.

बायकांना जमेल का? स्कार्फ, अंबाडा वगैरे?

जमतं, आमच्या वहिनी शाळेत जाताना हेच घालतात. अंबाडा वर असेल तर हेल्मेट बसणारच नाही, वेणी किंवा मानेजवळ खाली बांधलेले केस पाहिजेत. उन्हाचा स्कार्फ तोंडाला पूर्ण गुंडाळून वर हेल्मेट घालायची गरज या हेल्मेटमध्ये राहत नाही, कारण काच खाली केली की धूळ-ऊन दोन्ही अडतं. कानातले मोठे असतील तर काढा, घालताना अडकतात.

मागे बसणाऱ्याला पण लागतं का? आणि पोरांना?

हो, मागच्याला पण. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला, पगडी घालणारे शीख सोडून. नाही घातलं तर १९४ ड खाली हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद, असं कायद्यात आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला पण त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधायचा हार्नेस आणि वेग ४० च्या आत, असा नियम आहे. लहान पोराला मात्र फ्लिप-अप घेऊ नका, वजन त्याच्या मानेला झेपणार नाही, हलकं लहान मुलांचं येतं ते घ्या.

तंबाखू खाता-थुंकता येते का?

येते. हनुवटी वर करायला विसरलात तर काच आतून धुवावी लागते.

वास यायला लागला, धुऊ कसं?

अस्तर निघणारं असेल तर काढून साध्या शाम्पूनं कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. न निघणारं असेल तर ओल्या फडक्यानं पुसत राहा आणि पंख्याखाली उलटं ठेवा. थिनर, पेट्रोल, रॉकेल काही लावू नका, पेट्रोल थर्माकोल खातं. बिजागरी आणि लॉकमध्ये धूळ बसते, आपल्याकडे रस्त्यांची कामं कायम चालूच, तर जुन्या टूथब्रशनं झाडा आणि सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडा. गाडीचं जळकं ऑईल नको, त्याच्यावर धूळ अजून चिकटते.

किती वर्षं चालतं?

रोज वापर असेल तर तीन ते पाच वर्षं धरा. फ्लिप-अपमध्ये त्याच्या आधी लॉक ढिलं होऊ शकतं, म्हणून महिन्यातून एकदा ती दुकानातली ओढून बघायची तपासणी घरी करा, बटण न दाबता हनुवटी हलायला लागली की हेल्मेट बदलायचं, रबर बँड आणि फेविक्विकचे प्रयोग नकोत.

अपघातात एकदा जोरात आपटलं असेल तर बाहेरून चरा पण नसला तरी टाकून द्या, आतला थर्माकोल एकदाच दबतो. टाकून द्या म्हणजे खरंच टाका, पट्टा कापून. नाहीतर कोणीतरी चुलत भाऊ "चांगलं तर आहे" म्हणून घेऊन जातो आणि घालून फिरतो.